बदामाच्या डब्याचा तळ

६ जानेवारी

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

पत्राच्या सुरुवातीला चार ओळी खुशालीच्या लिहायच्या असतात हे मला ठाऊक आहे. पण कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला शिकवलं, की जे सांगायचं ते पहिल्या परिच्छेदात सांगा. खुशालीला जागा उरली तर लिहा. म्हणून सरळ विचारते. माझ्या भावाला तू खायला काय घालतेस?

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे. परवा तुमच्याकडे राहून आले तेव्हा डोळे उघडे ठेवले होते. सगळा जन्म मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून काढला. कुठल्या ट्रंकेत काय दडलंय ते मला ट्रंक उघडण्याआधी कळायचं. तुझ्या स्वयंपाकघरात तेलाची बाटली बदललेली आहे. ताटात पालक एक डाव, आणि तोही तू मापून वाढतेस. शेंगदाण्याची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर. हा माणूस आयुष्यभर शिडीवर उभा राहून दुकानांच्या पाट्या रंगवत होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर तू त्याला स्टुलावरसुद्धा चढू देत नाहीस. मग ती वरची फळी म्हणजे त्याला परदेशच की!

त्याची कातडी पाहिलीस? बोटांची पेरं उललेली, कोपर सुरकुतलेले. मी जे आरोग्याचं मासिक घेते त्यात या महिन्यात जीवनसत्त्व इ वर मोठा लेख आहे. ते आपल्या पेशींच्या भिंती सांभाळतं, त्यांना झिजू देत नाही. रोगाशी झुंजायची ताकद देतं. कातडीला, डोळ्यांना लागतं. आणि मिळतं कशात? सूर्यफुलाच्या बियांत, बदामात, शेंगदाण्यात, गव्हाच्या अंकुराच्या तेलात, पालकात, लाल ढोबळी मिरचीत. म्हणजे नेमकं त्यात, जे तू त्याला एकतर मापून देतेस किंवा वर ठेवतेस. हा योगायोग असेल. माझा योगायोगावर फारसा विश्वास नाही.

तू लग्नाआधी ब्यूटी पार्लर चालवायचीस. कातडीला काय लागतं हे तुला मी सांगायला नको. म्हणूनच जास्त नवल वाटतं.

सोबत बदामाचा डबा पाठवते आहे. तो धाकट्यालाच, तुझ्या नवऱ्यालाच, उघडू दे. आणि फोन करू नकोस. फोनवर माणूस काहीही बोलून मोकळं होतं. कागदावर खाली सही करावी लागते.

आक्का


१५ जानेवारी

ती. वन्संना सा. नमस्कार.

पत्र पोचलं, डबाही पोचला. तुम्ही सही मागितलीत म्हणून कागदावरच उत्तर देते.

तेल बदललं, कारण आधीच्या बाटलीचं बूच सैल होतं आणि तेलाला खवट वास येत होता. नवं तेल सूर्यफुलाचंच आहे. बाटलीवरचं फूल तुमच्या नजरेतून कसं निसटलं? शेंगदाणे वर आहेत, कारण ते खारवलेले आहेत आणि ह्यांना एक मूठ पुरत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. पालक मापून वाढते, कारण ह्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि हिरव्या पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो. खाऊ नका असं डॉक्टर म्हणत नाहीत. रोज सारखीच खा म्हणतात. एक दिवस टोपलीभर आणि एक दिवस काहीच नाही, असं नको. म्हणून डाव. हे मी तुम्हाला तुमच्यासमोर सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होतात.

पेरं उलली आहेत ती टर्पेंटाइनने. साठी उलटून गेली तरी रोज सकाळी रंगवाल्याच्या दुकानात जाऊन बसतात आणि फुकटात कुणाची तरी पाटी दुरुस्त करून येतात. जमिनीवर बसून, एवढंच मी कबूल करून घेतलंय.

बदाम छान आहेत. रोज पाच-सहा भिजवून देते. पण एक विचारू का? तुम्ही झाकणाला इतकी चिकटपट्टी गुंडाळली होती, की डबा समुद्रातून आलाय असं वाटावं. मी कात्री आणायला गेले, तर हे डबा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून उघडला. आमच्या लग्नाआधी इतकी वर्षं एकटे राहिलेत, तरी ह्यांनी कधी बिस्किटाचा पुडासुद्धा दार लावून उघडला नव्हता.

मी कशालाही योगायोग म्हणत नाही. फक्त विचारते.

आपली भावजय


२२ जानेवारी
(रंगवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर)

चि. धाकट्या,

हे पत्र दुकानात वाच आणि दुकानातच फाड.

निघताना कानात सांगितलं होतं, डबा एकट्याने उघड, तर तू दार लावून उघडलास! अरे, गुपित राखायचं तर दार उघडं ठेवून राखायचं असतं. माझ्या वसतिगृहातल्या मुली तुझ्यापेक्षा शहाण्या होत्या. पावडरच्या डब्यात पुठ्ठ्याचा खोटा तळ करून त्याखाली चॉकलेटं ठेवायच्या आणि माझ्यासमोर, माझ्याकडे बघून हसत, पावडर लावायच्या. त्यांचीच युक्ती मी वापरली. बदामांच्या खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली बाटली. बाटलीतल्या पिवळ्या कॅप्सूल जीवनसत्त्व इ च्या आहेत, चांगल्या चारशे युनिटच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुकानदार म्हणाला एक पुरे, पण दुकानदाराला तुझं ताट कुठे दिसतंय?

तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती डॉक्टरांचं नाव पुढे करून बंद करेल. डॉक्टरांचं नाव ती फार पुढे करते. पालक मापून! रक्त पातळ म्हणे! बाई हुशार आहे, हे मी लग्नाच्या दिवशीच ओळखलं. पार्लर विकून, ऑपरेशन झालेल्या विधुराशी लग्न कोण करतं, आणि का? राहतं घर तुझ्या नावावर आहे, एवढं लक्षात ठेव.

पुढचं काही म्हणत नाही.

तुझी आक्का


३० जानेवारी

ती. आक्कास सा. न.

पत्र वाचलं आणि फाडलं. रंगवाल्याने विचारलं, प्रेमपत्र का? म्हटलं, त्याहून भयंकर, थोरल्या बहिणीचं.

कॅप्सूल घेतो आहे. तू लहानपणी कॉन्व्हेंटातून यायचीस आणि तिथल्या नन्ससारखी चमचा घेऊन उभी राहायचीस. “डोळे मीट, तोंड उघड.” चमच्यात काय आहे हे विचारायची सोय नव्हती. त्यापेक्षा ह्या बऱ्या. वास नाही, चव नाही, गुळगुळीत आहेत.

बदाम तिने बरणीत काढले, तेव्हा डबा मी मागून घेतला. त्यात ब्रश उभे ठेवतो. खाली तुझा तळ, तळाखाली तुझा माल. माझ्या ब्रशांना ती हात लावत नाही, लग्नाच्या आधीच तसं ठरलंय.

पण आक्का, तू तिच्याबद्दल लिहितेस ते बरोबर नाही. ती रात्री दोनदा उठून माझा श्वास चालू आहे का बघते. मी जागा असलो की मुद्दाम घोरतो, म्हणजे ती झोपते. ती का लग्न करून आली ते मलाही कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, तुमच्या पाटीवरचं अक्षर आवडलं. तिच्या पार्लरची पाटी मीच रंगवली होती.

बाकी ठीक.

तुझा धाकटा


३ मार्च

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद लिहायचा राहिला नाही, मुद्दाम गाळला आहे.

आमची धाकटी मावशी परवा तुमच्याकडे जाऊन आली. तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी दुपारचं जेवले नाही. धाकट्याच्या दंडावर निळे डाग आहेत. एक मनगटावर, एक कोपराच्या वर, चांगला तळहाताएवढा. मावशीने विचारलं तर तो म्हणाला रंग आहे, आणि बाही खाली ओढली. तो अंगठा चोखायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते. खोटं बोलताना तो बाही ओढतो.

हे कमी म्हणून की काय, मावशी केस विंचरायला तुझ्या आरशापाशी गेली. तिथे पिवळ्या कॅप्सूलांची पट्टी होती आणि त्यातल्या प्रत्येक रिकाम्या कॅप्सूलला टाचणीचं भोक होतं. टाचणीही तिथेच, बशीत.

आता मला सांग. कॅप्सूल टाचणीने कोण रिकामी करतं? मी तुला सांगते. ज्याला दुसऱ्याच्या हातात रिकामं टरफल ठेवायचंय, तो. आमच्या वसतिगृहात एक मुलगी टॉनिकच्या बाटलीतलं औषध मोरीत ओतून त्यात गुळाचं पाणी भरायची. ती औषध चुकवायला करत होती. तू कशाला करतेस?

त्या माणसाच्या अंगात जीवनसत्त्व पोचू नये अशी तुझी इच्छा असेल, तर तसं लिही. पेशींच्या भिंती कच्च्या झाल्या की कातडीखाली रक्त साकळणारच. मासिकात पेशींच्या भिंतींबद्दल मी वाचलंय, पुढचं मला समजतं. मला डॉक्टर व्हायची गरज नाही.

उलट टपाली उत्तर हवं.

आक्का


३ मार्च
(रंगवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर)

धाकट्या,

तिला बाटली सापडली आहे असं मला वाटतं. तुझ्या कॅप्सूल ती टाचणीने रिकाम्या करून परत ठेवते. गिळण्याआधी प्रत्येक दाबून बघ. भरलेली असेल तरी आजपासून सकाळी दोन, संध्याकाळी दोन घे. झालेली तूट भरून निघायला हवी. नवी बाटली दुकानाच्या पत्त्यावरच पाठवते आहे, घरी नेऊन तळाखाली ठेव.

डागांबद्दल मला खरं लिही.

आक्का


१० मार्च

ती. वन्संना नमस्कार. मीही एक शब्द गाळला आहे, कुठला ते शोधा.

डागांचं आधी सांगते. मला ते मावशींच्या आधी दिसले. पहिला दिसला तेव्हा मलाही रंगच वाटला. ज्या माणसाच्या कानामागे आठवडाभर हिरवा ठिपका असतो, त्याच्या दंडावर निळं दिसलं तर दुसरं काय वाटणार? मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बसले आणि चोळचोळ चोळलं. निघेना. हे दात आवळून बसले होते. मग मी अंगठ्याने दाबलं, आणि हे ओरडले. तेव्हा मला कळलं, की मी माझ्या नवऱ्याची जखम टर्पेंटाइनने पुसते आहे. त्यानंतर मला जेवण गेलं नाही, वन्सं. तुमचं एक दुपारचं चुकलं.

कॅप्सूल माझ्या आहेत. टाचणीने टोचून त्यातलं तेल चेहऱ्याला लावतात. पार्लरमध्ये मी हे वर्षानुवर्षं केलं. आता ह्यांच्या उललेल्या पेरांना लावते. तुम्ही पेरांवरून मला बोललात, म्हणूनच सुरू केलं. टरफलं मी कोणालाही गिळायला दिलेली नाहीत. मावशींना विचारायचं सुचलं नाही, माझ्या आरशापाशी डोकावायचं मात्र सुचलं.

आता माझी पाळी. परवा ह्यांचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. म्हणाले, गोळी तीच, माप तेच, मग रक्त इतकं पातळ का? घरात नवीन काही सुरू केलंय? दुसऱ्या कोणाचं औषध, चूर्ण, काढा? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की नाही. आणि जिना उतरताना मला बदाम आठवले.

बदामाने असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या डब्यात ह्यांनी ब्रश ठेवले आहेत. मी झाडू मारतानासुद्धा तो डबा उचलला तर हे खुर्चीतून उठतात. ऑपरेशननंतर इतक्या चपळाईने हे कशासाठीच उठले नव्हते.

म्हणून एकच विचारते, वन्सं. बदामाच्या डब्यात बदामच होते ना?

भावजय


१६ मार्च

सौ. भावजयीस,

तुझं पत्र उद्धट आहे. नन्सच्या हाती पडलं असतं तर लाल शाईने भरून परत आलं असतं.

मी बदाम पाठवले. तू ते खाल्लेस, त्याला खायला घातलेस, छान आहेत असं स्वतःच्या अक्षरात लिहिलंस. आता वर विचारतेस बदामच होते का? मी त्याची बहीण आहे. त्याच्या भल्याशिवाय मी त्याला काही दिलेलं नाही, जन्मात नाही. डॉक्टरांनी तुला विचारलं, मला नाही. तू काय देतेस ते आधी बघ.

चेहऱ्याला लावायचं तेल पेरांना लावते म्हणे! ठीक आहे. मावशी पुन्हा येऊन बघेल.

आक्का


५ एप्रिल

ती. वन्संना सा. न.

मागचा शब्द आज परत घालते, कारण हे पत्र भांडायला लिहीत नाही.

हे इस्पितळात होते. आता घरी आहेत, बरे आहेत, तेव्हा आधी एक श्वास घ्या आणि मग वाचा.

सकाळी दाढी करताना ह्यांच्या नाकातून रक्त आलं. थोडं येतं तसं नाही. टॉवेल भिजला, दुसरा भिजला, थांबेचना. मी त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नेलं. ह्यांनी वाटेत मला सांगितलं, घाबरू नकोस, लाल रंग आहे. मी म्हटलं, गप्प बसा. पहिल्यांदाच बोलले तसं ह्यांना.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, रक्त थांबलं. मग म्हणाले, घरात जे जे औषध असेल ते सगळं घेऊन या, बाटल्यांसकट. मी घरी आले. औषधांचं कपाट पिशवीत ओतलं. आणि दाराबाहेर पडताना माझी नजर खिडकीपाशी गेली. ब्रश. तोच डबा. उंच डबा आहे, पण आत ब्रश जवळजवळ पूर्ण बाहेर उभे! बुटक्या पेल्यात उंच फुलं उभी राहावीत तसे. रोज बघत होते, वन्सं. रोज झाडू मारताना बघत होते, आणि एकदाही मनात आलं नाही, की त्या डब्याला एवढा उथळ तळ कसा.

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला तुम्ही सगळ्यांना हसवलं होतंत, आठवतं? पावडरच्या डब्याला पुठ्ठ्याचा तळ करणाऱ्या मुलींची गोष्ट. सगळ्यांत जास्त मी हसले होते.

ब्रश काढले, पुठ्ठा काढला. दोन बाटल्या.

डॉक्टर म्हणाले, अन्नातलं जीवनसत्त्व इ उत्तम आहे. बदाम खाऊ द्या, बिया खाऊ द्या, तेल चांगलं वापरा. अन्नातून जास्त झालं असं कोणाचं होत नाही. पण बाटलीतलं, रोज एवढं, आणि तेही रक्त पातळ करायच्या गोळीवर! एका पातळपणावर दुसरा पातळपणा. नाकातून आलं म्हणून आपल्याला दिसलं, म्हणाले. डोक्यात झालं असतं तर दिसलं नसतं.

मग त्यांनी विचारलं, हे कोणी दिलं? हे छताकडे बघत राहिले. तुमचं नाव हे मेले तरी घेणार नाहीत, आणि जरा वेळापूर्वी मरत होतेच. मी म्हटलं, मी दिल्या. डॉक्टरांनी लगेच विश्वास ठेवला; पार्लरवाली म्हटल्यावर कॅप्सूल आल्याच. धाकटी मावशी पलंगाच्या पायाशी उभी होती. तिचा तर आधीपासूनच विश्वास होता.

हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही. मला तुमचा फार राग आला आहे, तो अजून आहे, आणि बराच दिवस राहील. केलं, कारण डॉक्टर बाहेर गेल्यावर ह्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “आक्काला विचारल्याशिवाय बंद कशा करू?” नाकात बोळे होते, वन्सं, आणि हे म्हणत होते, आक्काला विचारल्याशिवाय.

मी सांगून झालं, डॉक्टर सांगून झाले. ह्यांना मान डोलवायची सवय आहे, ऐकायची नाही. ह्या घरात तुम्ही दिलेलं डोळे मिटून गिळतात, आणि तुम्ही थांब म्हटलंत तरच थांबतील. बाटल्या मी फेकल्या आहेत, पण दुसरी रंगवाल्याच्या पत्त्यावर आली हे ह्यांनी आता सांगितलं; तिसरी येणार नाही हे मला कसं कळणार? मला तुमच्याकडून माफी नको. ह्यांना एक ओळ लिहा.

आपली भावजय


९ एप्रिल

चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद.

मला तुझा संताप आला आहे. मी जे केलं ते तू स्वतःच्या नावावर घेतलंस, ते कोणाला विचारून? माझ्या वसतिगृहात एखादी मुलगी दुसरीसाठी खोटं बोलली, तर मी दोघींनाही शिक्षा करायची, आणि खोटं बोलणारीला थोडी जास्त. चॉकलेटं ज्या ट्रंकेत सापडली त्याच ट्रंकेच्या नावावर लिहायची असतात. मी डॉक्टरांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे. बाटल्या कोणी दिल्या, कोणत्या मापाच्या, किती दिवस, सगळं. मावशीला फोन केला. हो, फोन. लिहून कळवायला वेळ नव्हता. तिला म्हटलं, तू डागांना जे समजलीस ते चूक, आणि मी भोकांना जे समजले ते त्याहून चूक. ती म्हणाली, मग डबा कोणाचा? मी म्हटलं, माझा.

तुझ्या टर्पेंटाइनच्या बोळ्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. मार्चमध्येही वाचलं होतं. तेव्हा म्हटलं, काय छान रचते बाई.

तू माझा अजून राग कर. मला राग चालतो. गोड बोलणं मला संशयास्पद वाटतं, हे तुला आता कळलं असेल. आणि तरीही विचारते, कारण माझा स्वभाव जायचा नाही: पाटीवरचं अक्षर आवडलं म्हणून कोणी लग्न करतं का? ते मला एकदा समोरासमोर ऐकायचं आहे.

म्हणून पुढच्या शनिवारी येते. मला एक अट घालू दे. मी दारात उभी राहीन. तू माझी पिशवी माझ्यासमोर उघड. कपडे झटक, डबे उलटे कर, प्रत्येक डब्याच्या तळावर बोटाने वाजवून बघ, पोकळ आवाज येतो का. ते झाल्याशिवाय मला आत घेऊ नकोस. मी कोणत्याच मुलीला सूट दिली नाही, मला कोणी देऊ नये.

सोबतची चिठ्ठी धाकट्याला वाचून दाखव. मोठ्याने. दार उघडं ठेवून.

तुझी आक्का


(सोबतची चिठ्ठी)

धाकट्या,

मी पाठवलेलं सगळं बंद. आजपासून कोणतीही गोळी, कॅप्सूल, चमचा, कोणाच्याही हातून, बायको बघितल्याशिवाय नाही. माझ्या हातून तर मुळीच नाही.

लहानपणी तुला जे सांगितलं ते उलट करायचं. तोंड मीट, डोळे उघड.

आक्का


१३ एप्रिल

ती. वन्संना सा. न.

चिठ्ठी वाचून दाखवली. दार उघडं होतं. हे ऐकत राहिले, मग म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचली. मग उठून डब्यातले ब्रश काढले, आत हात घालून तळ चाचपला आणि डबा मला दिला. आता तो माझ्याकडे आहे. ब्रशांना बुटका डबा मिळाला.

शनिवारी या. पिशवी तपासायची गरज नाही असं मी भाबडेपणाने म्हणेन, असं तुम्हाला वाटलं असेल. तपासणार आहे. तळ वाजवून बघणार आहे. तुम्ही शिकवाल तसं वाजवीन. तुमच्यानंतर ह्यांचे खिसेही तुमच्यासमोर.

येताना सूर्यफुलाच्या बिया आणा, न खारवलेल्या. मूठभर रोज चालतील, डॉक्टर म्हणाले. पण काचेच्या बरणीत आणा, वन्सं. आरपार दिसेल अशा.

आणि अक्षराचं विचारलंत. पार्लरच्या पाटीवर ह्यांनी माझं नाव चुकीचं रंगवलं होतं. मी दाखवलं, तर वाद घातला नाही, शिडी लावली आणि सगळं पुसून पुन्हा लिहिलं. मला तेच आवडलं होतं. बाकीचं समोरासमोर.

आपली भावजय